परदेशी निघालेला रुग्ण आणि आपण दिलेला कागद

चैत्र-वैशाख जवळ आला की चिकित्सालयात एका विशिष्ट प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. त्यांना विशेष काही होत नसते. नाडी दाखवून होते, पथ्यापथ्याच्या दोन गोष्टी होतात आणि मग हळूच मूळ मुद्दा निघतो : "डॉक्टर, सहा महिने मुलीकडे चाललोय. तेवढं औषध एकदम बांधून द्या." आपणही सहा महिन्यांचे औषध लिहून देतो, विमानात अधूनमधून उठून चाला, पाणी पीत राहा असे सांगतो आणि शुभेच्छा देऊन पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. चिपळूणसारख्या ठिकाणी वीस वर्षे व्यवसाय करताना मीही हेच करीत आलो. विमा काढला का, काढला असल्यास त्यात कोणते आजार लिहिले आहेत, तिकडच्या डॉक्टरने विचारले तर कोणता कागद दाखवणार, हे प्रश्न माझ्या मनात कधी आले नाहीत. ते काम विमा एजंटाचे किंवा मुलाबाळांचे, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती, हे मला एका प्रसंगाने शिकविले आणि त्याची किंमत माझ्या रुग्णाने मोजली. प्रस्तुत लेखाचे कारण तेच आहे.

आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. अमेरिकेत पाऊल ठेवताच या चार पादांच्या पुढे एक पाचवा येऊन उभा राहतो, तो म्हणजे विमा. त्याने रुग्णाला कधी पाहिलेले नसते, औषधाची त्याला पारख नसते. त्याला कागद तेवढा वाचता येतो. आणि परदेशी गेलेल्या आपल्या रुग्णाच्या बाबतीत तो कागद पुष्कळदा आपण लिहिलेला असतो.

प्रसंग असा. माझे एक रुग्ण, निवृत्त माध्यमिक शिक्षक, यांना आम्ही सारे गुरुजी म्हणतो. फेब्रुवारी २०२० मध्ये थोरल्या बंधूंच्या निधनानंतर त्यांना छातीत धडधडू लागले, झोप येईना. मी रक्तदाब पाहिला, तो प्राकृत होता. शंका नको म्हणून जवळच्याच लॅबमध्ये हृदयालेख काढून घेतला, तोही प्राकृत आला. माझ्या रुग्णनोंदवहीत मी तसे लिहिले व आलेखाची पट्टी तेथेच चिकटवून ठेवली. गुरुजींच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवर मात्र मी दोनच ओळी लिहिल्या : निदान, हृद्द्रव, औषध, अर्जुनारिष्ट, चार चमचे समभाग पाण्यासह, एक महिना. धडधड पंधरा दिवसांत थांबली. गुरुजींनी ती चिठ्ठी शिक्षकाच्या शिस्तीने फाइलला लावून ठेवली.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी गावात शिरले, हे वाचकांस स्मरत असेल. माझे चिकित्सालय बाजारपेठेत, तळमजल्यावर. नोंदवह्या, संगणक, औषधांची कपाटे सारे काही चिखलात गेले. लॅबचीही तीच गत झाली. गुरुजींचे घर उंचावर असल्याने त्यांची फाइल मात्र कोरडी राहिली.

एप्रिल २०२२ मध्ये गुरुजी व वहिनी न्यू जर्सीला कन्येकडे गेले. वय सदुसष्ट. जाण्यापूर्वी जावयांनी तिकडच्या एका कंपनीचे प्रवासी विमापत्र घेतले होते. जूनमध्ये एका रात्री गुरुजींच्या छातीत दुखू लागले. त्यांनी कोणालाही उठविले नाही. गॅस असावा म्हणून मी दिलेले हिंग्वाष्टक चूर्ण घेतले आणि बसून राहिले. दुसऱ्या रात्रीही तेच. पुढे त्यांनीच मला सांगितले, "अरे, इकडे हॉस्पिटलात पाऊल टाकलं की हजारांत बिल होतं म्हणतात. पोरीवर कशाला भार?" तिसऱ्या दिवशी सकाळी कन्येच्या लक्षात आले. रुग्णालय, अँजिओग्राफी, स्टेंट, चार दिवस मुक्काम. गुरुजी वाचले, ही ईश्वराची कृपा.

त्यानंतर कंपनीने मागील पाच वर्षांचे वैद्यकीय कागद मागितले. कन्येने विश्वासाने ती सारी फाइल स्कॅन करून पाठविली. माझी दोन ओळींची चिठ्ठी तीतच होती. 'हृद्द्रव' या शब्दाचे कोणीतरी 'हृदयाचा विकार' असे भाषांतर केले. अर्जुनारिष्ट म्हणजे काय, हे शोधायला दोन मिनिटे लागत नाहीत. जेथे शोधाल तेथे 'हृदयासाठी' असेच लिहिलेले असते. कंपनीने निष्कर्ष काढला की रुग्णास २०२० पासून हृदयविकार होता, तो पूर्वव्याधी ठरतो, सबब दावा नामंजूर. पूर्वव्याधीचा अकस्मात उद्भव झाल्यास काही रक्कम देण्याचे कलम त्या विमापत्रात होते. परंतु लक्षण सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत उपचार घेतलेला असावा, अशी त्यास अट होती. गुरुजी तर दोन रात्री चूर्ण घेत बसले होते.

मी पत्र लिहिले. हृद्द्रव हे लक्षण आहे, त्यावेळचा हृदयालेख प्राकृत होता, रुग्णास हृदयविकार नव्हता, असे शपथपूर्वक कळविले. उत्तर आले की त्यावेळची मूळ नोंद सादर करावी. ती मी कोठून सादर करणार?

पुराने नोंद नेली, असे सांगून मी पुष्कळ दिवस स्वतःचे समाधान केले. ते अर्धेच खरे आहे. नोंदवही वाचली असती तरी रुग्णाच्या हाती असलेल्या कागदावर मी 'हृदयालेख प्राकृत' हे दोन शब्द लिहिले नव्हते, ते पुराच्या आधी दीड वर्ष. ते लिहायला किती वेळ लागला असता? बिलाचा आकडा येथे देत नाही. चिपळुणात एक बऱ्यापैकी सदनिका येईल, एवढेच सांगतो. अमेरिकेतील धर्मादाय रुग्णालयांना २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने गरजू रुग्णांसाठी सवलतीचे लेखी धोरण ठेवणे बंधनकारक केले आहे; त्याचा आधार घेऊन कन्येने अर्ज केला, रक्कम बरीच कमी झाली आणि उरलेली ती हप्त्यांनी फेडीत आहे.

आता थोडे त्या व्यवस्थेविषयी. आपल्याकडे रुग्ण प्रथम दवाखान्यात जातो, मग पैशांचा विचार करतो. अमेरिकेत सर्वांसाठी एकच सरकारी आरोग्यसेवा नाही. बहुतेक नोकरदारांचा विमा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो. आपल्या मुलामुलींना कंपनीकडून जो उत्तम विमा मिळतो, त्यात पती-पत्नी व मुले येतात. आईवडील सहसा येत नाहीत, आणि पाहुणे म्हणून आलेले तर नाहीतच. पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी १९६५ पासून मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. पण मुलाने ग्रीन कार्ड करून नेलेल्या आईवडिलांनाही तेथे सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्याखेरीज ती पैसे भरूनसुद्धा घेता येत नाही. मधल्या काळात त्यांना बाजारातून रीतसर आरोग्यविमा घेता येतो, आणि २०१४ पासून अशा विम्यास पूर्वव्याधीच्या कारणावरून कोणालाही नाकारता येत नाही. हा दिलासा कायम वास्तव्य करणाऱ्यांना आहे. सहा महिन्यांच्या पाहुण्यांसाठी जी प्रवासी विमापत्रे विकली जातात, त्यांना हा नियम लागू नाही. आपले रुग्ण बहुतांशी याच दुसऱ्या वर्गात मोडतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाला आपण सांगितली पाहिजे. १९८६ च्या एका केंद्रीय कायद्यान्वये, तेथील तातडीच्या सेवेचा विभाग असणाऱ्या जवळजवळ सर्व रुग्णालयांना दारात आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. पैसे किंवा विमा नाही म्हणून परत पाठविता येत नाही. बिल मागाहून येते आणि ते मोठे असते, हे खरेच. परंतु बिलाच्या धास्तीने दोन रात्री अंथरुणात बसून राहण्याने बिल वाढते आणि दावा बुडतो. किरकोळ ताप, पाय मुरगळणे यांसाठी 'अर्जंट केअर' नावाची छोटी केंद्रे असतात, तेथे खर्च पुष्कळ कमी येतो. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे यांसाठी मात्र ९११ हा क्रमांक फिरवायचा. आपल्या प्रत्येक ज्येष्ठ रुग्णास हा फरक निघण्यापूर्वी ठाऊक असावा.

प्रवासी विमापत्रे दोन जातीची असतात. पहिल्या जातीत प्रत्येक सेवेस ठराविक रक्कम नेमलेली असते : खोलीचे दिवसाला इतके, शस्त्रक्रियेचे इतके. हप्ता स्वस्त, म्हणून मुले घाईत हीच घेतात. प्रत्यक्ष बिल नेमलेल्या रकमेच्या कित्येक पट आले तर फरक रुग्णाच्या माथी. दुसरी जात सर्वसमावेशक. तिचा हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा बिल वीस हजार डॉलरचे झाले. विमापत्रात डिडक्टिबल पाचशे आहे, म्हणजे पहिले पाचशे रुग्णाचे. पुढच्या पाच हजारांत ऐंशी टक्के कंपनीचे व वीस टक्के रुग्णाचे, म्हणजे आणखी हजार. त्यापुढील सर्व रक्कम, कमाल मर्यादेपर्यंत, कंपनीची. एकूण रुग्णाचे दीड हजार गेले. हे गणित निघण्यापूर्वी कागदावर मांडून पाहिले, तर पहिल्या जातीचा स्वस्तपणा किती महाग पडतो ते कळते. वय सत्तर व पुढे ऐंशी ओलांडल्यावर अनेक विमापत्रांत कमाल मर्यादा एकदम खाली येते, तीही पाहावी.

भारतात घेतलेले परदेशप्रवासाचे विमापत्रही चालते. मात्र ते निघण्यापूर्वीच घ्यावे लागते, आणि तिकडचे रुग्णालय ते ओळखेलच असे नाही, त्यामुळे काही वेळा पैसे आधी भरून मागाहून मागावे लागतात. तिकडच्या कंपनीचे विमापत्र असेल तर तिच्या नेटवर्कमधील रुग्णालय बिल परस्पर कंपनीकडे पाठविते. दोन्हींपैकी कोणते घ्यावे याविषयी मी मत देत नाही. माझ्या अनेक रुग्णांचा जो तिसरा समज आहे, तो मात्र खोडून काढला पाहिजे : "आमचा मेडिक्लेम आहे ना!" आपला येथील नेहमीचा मेडिक्लेम भारताच्या हद्दीपुरता असतो. परदेशातील उपचार अंतर्भूत असल्याचे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर विमानात बसल्यावर त्याचा उपयोग नाही.

आता आपल्या कामाकडे वळतो. पूर्वव्याधी या एका शब्दावर प्रवासी विम्याचे सारे भांडण चालते. विमापत्र सुरू होण्यापूर्वी कोणते निदान झाले होते, कोणते लक्षण होते, कोणते औषध चालू होते, हे कंपनीचा माणूस कागदात शोधतो. आपल्या परिभाषेतील शब्द त्याच्या हाती पडले की काय होते, याचा विचार करावा. प्रमेह म्हणजे आपल्या दृष्टीने दहा कफज, सहा पित्तज, चार वातज अशा वीस प्रकारांचा व्यापक शब्द; त्याच्या भाषांतरात तो सरसकट डायबेटिस होतो. वातव्याधी आपण गृध्रसीलाही लिहितो आणि पक्षाघातालाही. कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या गृहस्थाच्या चिठ्ठीवर नुसते 'वातव्याधी' लिहिलेले असेल आणि त्याला पुढे परदेशात खरोखर पक्षाघात झाला, तर त्या चिठ्ठीचा अर्थ कोणत्या बाजूने लावला जाईल हे सांगायला नको. आमवात, अम्लपित्त, पांडू यांचीही हीच कथा.

म्हणून माझे मत असे की परदेशी निघणाऱ्या रुग्णाच्या कागदावर निदान दोन्ही परिभाषांत लिहावे. गृध्रसी लिहावे आणि शेजारी सायाटिका लिहावे. मधुमेह लिहावे, शेजारी टाइप टू डायबेटिस, कधीपासून, शेवटची साखर किती व कोणत्या तारखेस. जे लक्षण आहे ते लक्षण म्हणूनच लिहावे. आणि जे नाही ते 'नाही' म्हणून लिहावे, कारण नकारार्थी नोंद हीच पुढे रुग्णाच्या कामी येते. औषध कशासाठी दिले हेही लिहावे. अर्जुन म्हणजे हृद्रोग, गुडमार म्हणजे मधुमेह, असे समीकरण मांडणारा वाचक त्या टोकाला बसलेला आहे.

आमच्या तालुका शाखेच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा एका ज्येष्ठ वैद्यराजांनी आक्षेप घेतला. त्यांचा आदर राखूनच लिहितो. ते म्हणाले, आपले निदान दोष-दूष्य-स्रोतसांच्या भाषेत असते. त्याला परक्या शास्त्राच्या नावाची शेपटी जोडणे म्हणजे आपलेच शास्त्र अपुरे असल्याची कबुली देणे. हा आक्षेप मला पूर्ण अमान्य नाही. गृध्रसी आणि सायाटिका तंतोतंत एकच नव्हेत, हे मीही विद्यार्थ्यांना सांगतो. परंतु चिकित्सा करतानाची भाषा आणि साक्ष देतानाची भाषा वेगळी असू शकते. कोर्टात साक्ष द्यायला गेलेला वैद्य न्यायाधीशांना समजेल असेच बोलतो, त्यात शास्त्राची मानहानी होत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेने १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतील जो नवा विभाग जाहीर केला, त्यात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानसंज्ञांना संकेतांक मिळाले. आपल्या संज्ञा जगाच्या नोंदवहीत गेल्या, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण अमेरिकेतील बिले २०१५ पासून दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकांवर चालतात आणि आजही तेच चालू आहेत. तेथे प्राथमिक उच्च रक्तदाब म्हणजे आय १०, टाइप टू मधुमेह म्हणजे ई ११. तिकडच्या लिपिकाला आपला नवा विभाग समजेपर्यंत आपल्या रुग्णांनी थांबावे काय? वैद्यराज हसले, पण पटले असे म्हणाले नाहीत.

याच विषयाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू आल्या. मधुमेह आठ वर्षांचा, पथ्याने आणि औषधाने आटोक्यात. मुलाने तिकडून प्रमाणपत्र मागितले होते. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, तेवढं साखरेचं नका हो लिहू. हप्ता वाढतो म्हणतात. आणि माझी साखर आहेच कुठं आता? तुमच्याच औषधानं गेली." शेवटचे वाक्य ऐकून कोणत्या वैद्याला बरे वाटणार नाही? मी नकार दिला. लपविलेला आजार उघडकीस आला तर केवळ त्या आजाराचा दावा जात नाही, संपूर्ण विमापत्रच रद्द होऊ शकते. खोट्या प्रमाणपत्रावर माझी सही व नोंदणी क्रमांक असतो, तेव्हा प्रश्न माझ्या नोंदणीचाही आहे. हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, फी दिली आणि निघून गेल्या. दोन दिवसांनी त्यांना हवे तसे प्रमाणपत्र गावातच दुसरीकडे मिळाले. काकू सहा महिने राहून सुखरूप परत आल्या, तिकडे साधी सर्दीही झाली नाही. आता त्या माझ्याकडे येत नाहीत. भेटल्या की हसतात.

मी चुकलो असे मला वाटत नाही. परंतु ज्या सहव्यवसायिकाने ते प्रमाणपत्र दिले, त्याला एकच विचारावेसे वाटते : काकूंना तिकडे पायाला जखम होऊन ती चिघळली असती, तर तो दावा कोणाच्या सहीवर उभा राहणार होता?

अन्य देशांविषयी थोडक्यात. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा १९४८ पासून आहे, ती मोफत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ती तेथे रीतसर वास्तव्य करणाऱ्यांसाठी मोफत आहे, हे ठाऊक नसते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर जाणारे २०१५ पासून आरोग्य अधिभार भरतात. प्रौढांसाठी तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला १०३५ पौंड आहे. सहा महिन्यांच्या पाहुण्याला तो भरावा लागत नाही, तसेच इंग्लंडमध्ये अपघात विभागातील तपासणीचे पैसेही पडत नाहीत. पण तेथून वॉर्डात दाखल झाले की नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते, आणि पाचशे पौंडांवरील थकबाकी पुढच्या व्हिसाच्या आड येऊ शकते. कॅनडाच्या पालकांसाठी असलेल्या सुपर व्हिसाला किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा व एक वर्षाचा विमा लागतो. युरोपातील शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोचा. अर्थात व्हिसापुरती ही किमान रक्कम आहे. पूर्वव्याधीचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

आखातातील गोष्ट निराळी, आणि रत्नागिरी-रायगडच्या वैद्यांना ती अधिक जवळची. खेड, दापोली, चिपळूण परिसरातील किती घरांचा चरितार्थ तिकडच्या पैशांवर चालतो, हे मी सांगायला नको. येथून जाणारा हा माणूस पाहुणा नसतो, कामगार असतो. दुबईने २०१३ च्या कायद्याने मालकावर कामगाराच्या आरोग्यविम्याची सक्ती केली. १ जानेवारी २०२५ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सर्वच भागांतील खासगी नोकरदारांना ती लागू झाली. तरी विमापत्र अगदी किमान दर्जाचे असू शकते, म्हणून त्यात औषधांची मर्यादा किती, दातांचे व जुन्या आजाराचे काय, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. दहावीपर्यंत न शिकलेल्या कामगारांना भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये व कर इतका तिचा हप्ता ठरविलेला आहे. तिचा मुख्य भाग अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व यांसाठी असलेले दहा लाखांचे संरक्षण हा होय. पोरे तो कागद खिशात ठेवून "आमचा विमा झाला" म्हणतात. रोजच्या दुखण्याखुपण्याच्या खर्चाला तो पुरणारा नाही, एवढे आपण त्यांना सांगू शकतो.

औषधविक्रेत्या मित्रांसाठी आता चार शब्द, कारण येथे चूक झाली तर प्रश्न पैशांच्या पलीकडे जातो. जातीफलादि चूर्णात भांग असते, कर्पूर रसात अहिफेन असते. या गोष्टी आपल्याला इतक्या परिचयाच्या आहेत की त्यांचा आपल्याला विसर पडतो. आखाती देशांत खसखस बाळगणेही गुन्हा ठरू शकते, हे तेथे जाणाऱ्यांना माहीत असते. चूर्णाच्या डबीत काय आहे ते माहीत नसते. ते आपणच सांगायचे. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यार्काचेही तसेच. सौदी अरेबियाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत दशमूलारिष्टाची बाटली घालू नये, काढा करून पिण्यासाठी भरड द्यावी आणि तिच्यावरही वेष्टन व नाव असावे.

रसौषधींबद्दल अधिक स्पष्ट लिहितो, कोणाला रुचो वा न रुचो. २००४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. १४ मध्ये शिसे, पारद किंवा सोमल आढळला. २००८ साली १९३ उत्पादनांची दुसरी तपासणी आली, तेव्हाही प्रमाण सुमारे पंचमांशच होते. त्यावर आपल्या मासिकांतून संतापाचे पुष्कळ लेख आले. शोधन-मारण झालेले भस्म आणि कच्चा धातू यांत फरक आहे, हा आपला मुद्दा आपल्या जागी आहे. परंतु न्यू जर्सीतील प्रयोगशाळा रुग्णाच्या रक्तातील शिसे मोजते. महायोगराज गुग्गुळात नागभस्म आहे, आरोग्यवर्धिनीत कज्जली आहे, हे लपणार नाही आणि लपवूही नये. परदेशातील मुक्कामापुरते वनौषधीचे कल्प द्यावेत, योगराज चालत असेल तेथे महायोगराज देऊ नये, हे मी स्वतःपुरते ठरविले आहे.

अमेरिकेत वैयक्तिक वापराची औषधे साधारण तीन महिन्यांपुरती नेणे मान्य होते. सहा महिन्यांच्या पुड्या वर्तमानपत्रात बांधून देणे आता थांबावे. मूळ सीलबंद वेष्टन, त्यावर घटकद्रव्ये, सोबत चिठ्ठी व दुकानाचे बिल, एवढे हवेच. आणि रुग्णाला बजावून सांगावे की तिकडच्या डॉक्टरने 'कोणती औषधे घेता' असे विचारले, तर 'काही नाही, साधं जडीबुटीचं आहे' असे उत्तर देऊ नये. सर्पगंधेत रिसर्पिन असते, ती चालू आहे हे भूल देणाऱ्याला कळलेच पाहिजे. यष्टिमधु दीर्घकाळ घेतल्यास पोटॅशियम उतरते व रक्तदाब चढतो. आपले औषध औषध आहे असे आपण एरवी आग्रहाने सांगतो. तेव्हा त्याचे नावही औषधांच्या यादीत लिहिले जावे.

भारतात विमा नियामक प्राधिकरणाच्या निर्देशामुळे १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे कंपन्यांना भाग पडले. त्यासाठी आपल्या संघटनांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला. आता हा दुसरा, लहानसा विषय संघटनेने हाती घ्यावा, अशी माझी विनंती आहे. परदेशी जाणाऱ्या रुग्णासाठी एक पानी नमुना छापावा, एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. त्यात दोन्ही परिभाषांतील निदान, ते केव्हापासून, शेवटच्या तपासण्या तारखांसह, नसलेल्या मुख्य आजारांचा स्पष्ट उल्लेख, चालू औषधे घटकांसह, ॲलर्जी, वैद्याचे नाव व नोंदणी क्रमांक असावा. तीन प्रती कराव्यात : एक रुग्णाकडे, एक परदेशातील मुलाकडे, एक आपल्याकडे. आपली प्रत तळमजल्यावर ठेवू नये, हे चिपळूणकरांना वेगळे सांगायला नको.

गेल्या महिन्यात गुरुजी पुन्हा आले. नातीची मुंज आहे असे ते थट्टेने म्हणतात. वस्तुतः तिचे शाळेतील पदवीदान आहे. आता त्यांना खरोखरच हृदयविकार आहे आणि तो पूर्वव्याधी म्हणून लिहावाच लागणार. त्याचा अकस्मात उद्भव अंतर्भूत असलेले विमापत्र कन्येने वाढीव हप्ता देऊन शोधले आहे, आणि छातीत दुखले तर तत्क्षणी हाक मारीन, असे वहिनींनी त्यांच्याकडून माझ्यासमोर वदवून घेतले. त्या दिवशी बाहेर रुग्ण ताटकळत असताना मी चाळीस मिनिटे बसून त्यांचा कागद लिहिला. गुरुजींनी तो चष्मा लावून सावकाश वाचला, खिशातून लाल पेन काढले, इंग्रजी बाजूवरच्या माझ्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "पुन्हा लिहून दे. खाडाखोड नको."